खोरशेदबाईंचा कडू पाला

खोरशेदबाईंनी रुमालात गुंडाळून आणलेली वस्तू माझ्या टेबलावर ठेवली, रुमालाची टोकं बाजूला केली आणि म्हणाल्या, "ओळख बघू."

मी बघितलं. मोठ्या मोसंब्याएवढं हिरवं बोंड होतं. एकावर एक चढलेले जाड खवले आणि प्रत्येक खवल्याच्या टोकाला बारीक काटा. न उमललेलं कमळ म्हणावं तर फारच रागीट दिसत होतं.

"निवडुंगाचं काहीतरी?" मी म्हटलं.

"साडेपाच वर्षं कॉलेजमध्ये काय करत होती तू?" बाई माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. ती खुर्ची रोग्यांसाठी होती, पण रोगी नसल्यामुळे तिच्यावर बहुतेक वेळा बाईच बसत. "हा आर्टिचोक. कोंडिबा हत्तीचोख बोलतो. उकडायचा, एकेक पाकळी लोण्यात बुडवायची आणि दाताने ओढून खायची."

हे एक्क्याण्णव सालच्या नोव्हेंबरातलं. वैद्यकीची पदवी घेऊन मी वाईहून वर पाचगणीला आले होते आणि खोरशेदबाई वाच्छांच्या बंगल्यामागच्या आउटहाउसमध्ये दवाखाना थाटला होता. पाटीवर लिहिलं होतं, 'वैद्य हेमलता जंगम'. दोन महिन्यांत अकरा रोगी आले, त्यांतल्या सहा जणांनी इंजेक्शनवाले डॉक्टर कुठे बसतात एवढंच विचारलं.

बाई तेव्हा चौसष्ट वर्षांच्या होत्या. उंच, ताठ, पाठीमागे हात बांधून चालायच्या. त्यांचे यजमान आदरजी जहाजावर इंजिनिअर होते, ते जाऊन बारा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात त्या आणि बागेत कोंडिबा माळी, एवढाच संसार. आदरजींनी इटलीतल्या कुठल्याशा बंदरातून आणलेल्या बियांपासून बाईंनी बंगल्याच्या उतारावर सहा ओळींत बेचाळीस झाडं वाढवली होती. मी ती रोज पाहत होते आणि शोभेची समजत होते.

"बोंड मी खाते," बाई म्हणाल्या. "पाला कोंडिबा खड्ड्यात टाकतो. पण आदरजी सांगायचा, तिकडच्या बायका हा पाला उकळून पितात. पोट जड झालं, गॅस झाला, तर. जहाजावरचं जेवण खाऊन तो पण प्यायचा. तू वैद्य आहे ने? मग बघ ह्याचं काय ते."

बाहेर जाऊन मी एक पान तोडलं. लांबच लांब, कातरलेलं, मागून राखाडी. तुकडा चावला आणि डोळ्यांतून पाणी आलं. काडेचिराईत प्यायलेली माणूस मी, पण हा कडूपणा जिभेवर बैठक मारून बसला. बाईंनी तांब्या पुढे केला. घोटभर पाणी प्यायले आणि थबकले.

"यात साखर घातलीय तुम्ही?"

बाई हसून हसून खुर्चीत मागे रेलल्या. "काही नाही घातलं. तो पाला तसाच आहे. त्याच्यावर पाणी गोड लागतं."

त्या दिवशी मी पुण्याला माझ्या निमोणकरसरांना पत्र लिहिलं. रस कडू, काम यकृतावर असावं, पण आपल्या ग्रंथांत या झाडाचा पत्ता नाही, तर देऊ का? उलट टपाली कार्ड आलं. त्यावर दोन ओळी होत्या. 'ग्रंथात नाही म्हणून औषध नाही असं होत नाही. आधी पंधरा दिवस स्वतः पी, मग दुसऱ्याला पाज.'

प्यायले. पाला सावलीत वाळवायचा, चमचाभर चुरा पेलाभर पाण्यात उकळून अर्धा करायचा, जेवणाआधी घ्यायचा. पंधरा दिवसांत मला दुसरं काही झालं नाही, पण भूक अशी लागायला लागली की खानावळवाल्या मावशी माझ्याकडे संशयानं बघू लागल्या.

पाल्यासाठी पहिला रोगी मिळाला तो रघुनाथ शेलार, एका शाळेच्या वसतिगृहातला स्वयंपाकी. तीनशे मुलांचं जेवण रोज चाखून चाखून त्याचं पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. दोन घास खाल्ले की तडस लागायची. त्याला आठवड्याच्या पुड्या दिल्या. आठव्या दिवशी तो आला तो पट्ट्याला नवीन भोक पाडून.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "काल लग्नात जेवलो. आणि जेवून झोपलो. बसून नाही, आडवा झोपलो."

शेलारची जीभ चाखण्याइतकीच बोलण्यातही तयार होती. पंधरा दिवसांत बाजारभर झालं. क्रीम आणि भजी खाऊन फुगलेले पर्यटक यायला लागले, मग दुकानदार, मग शाळांमधले शिक्षक. नाव कोणाला घेता येईना, म्हणून सगळे 'बाईंचा पाला' म्हणू लागले. कोंडिबानं दारात एक बाकडं आणून ठेवलं आणि जानेवारीत त्या बाकड्यावर जागा मिळेनाशी झाली. मलाही थोडी हवा लागली होती, खोटं कशाला बोलू. पाटी मी नव्यानं रंगवून घेतली.

माझ्यापेक्षा बाई जास्त खूश होत्या. बाजारात भाजी घेता घेता त्या लोकांना धरून पाला सुचवायच्या. एकदा गुडघे दुखणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्यांनी माझ्याकडे पाठवलं.

"बाई, हा गुडघ्याला चालत नाही."

"पोटात तर जातो ने? तिथून गुडघा किती लांब?"

फेब्रुवारीच्या मध्यावर बाई चार-पाच दिवस दवाखान्याकडे फिरकल्या नाहीत. मी गर्दीत होते, माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आणून दिलं ते कोंडिबानं.

"बाई जेवत न्हाईत," तो म्हणाला. "नुसता पाला पितात. दिसातून तीन टायमाला, पातेलं भरून."

बाई व्हरांड्यात उन्हात बसल्या होत्या. अंगाभोवती शाल होती आणि त्या दंड खाजवत होत्या. माझ्याकडे वळून बघितलं तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांत ते दिसलं. पांढऱ्याच्या जागी हळद उतरली होती.

"कुठे दुखतं?"

"कुठे नाही."

"बाई."

"इथे." त्यांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "आणि कधी कधी मागे, खांद्यात. दिवाळीपासून येतं आणि जातं. आता आठ दिवस झाले, येतं आणि जात नाही."

"मला सांगितलं का नाही?"

"तू काय दिलं असतं? पालाच ने? तो घरचा आहे."

मी नाडी पाहिली, पोट दाबलं. उजवीकडे बोट टेकताच त्यांनी श्वास रोखला. मग मी विचारायचं ते विचारलं. "शी कुठल्या रंगाची होते?"

बाईंनी शाल नीट केली. "माझ्या आईने पण मला असं कधी विचारलं नाही."

"मला सांगावं लागेल."

त्यांनी तोंड बागेकडे वळवलं. मग म्हणाल्या, "पांढरी. शाडूच्या मातीसारखी. आता झालं समाधान?"

कॉलेजात दुसऱ्याच वर्षी आम्हाला घोकून घेतलं होतं. अंग पिवळं आणि मळ पांढरा, म्हणजे पित्त तयार होतंय पण आतड्यात पोचत नाही, वाट अडलेली आहे. आणि तो कडू पाला करत होता काय, तर पित्त वाढवत होता. म्हणून तर शेलारचं पोट हलकं झालं होतं.

"पाला आजपासून बंद," मी म्हटलं. "आणि उद्या पुण्याला जायचं. तिथे फोटो काढतील. खडा असणार. बहुतेक ऑपरेशन करावं लागेल."

"बंद?" बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अर्धी पाचगणी माझ्या पाल्याने बरी झाली आणि मी जाऊन सुरीखाली झोपू? लोक काय बोलतील, ऐकलंस? बाईचा पाला बाईलाच लागला नाही. तुझं बाकडं दुसऱ्या दिवशी रिकामं होईल, डिकरा. मी तुझ्यासाठी बोलते."

खरं सांगायचं तर हा विचार त्यांच्या आधी माझ्या मनात येऊन गेला होता. डोळे पाहिल्यापाहिल्याच. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं, हात जोडले, त्या ढिम्म हलल्या नाहीत. मी दवाखान्यात परतले आणि उरलेला दिवस स्वतःची समजूत घालत बसले. दोन दिवस वाट पाहू. काही सौम्य देऊन पाहू. कदाचित खडा आपोआप सरकेल. बाहेर बाकड्यावर नऊ माणसं होती. मी त्यांना पुड्या बांधून दिल्या आणि एकदाही मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर कोंडिबा पायरीवर उभा.

"वाळलेला पाला सरला," तो म्हणाला. "बाई म्हनत्यात, ताजा तोडून आन. दोन पातेली करायचीत आज. ताज्यानं लौकर गुन येतो म्हनं."

"तुमचा विळा कुठे आहे?"

"मी तोडतो की."

"नको. विळा द्या."

विळा घेऊन मी उतारावर गेले आणि पहिल्या ओळीच्या टोकाला बसले. झाडं ऐन भरात होती, कंबरेएवढी, प्रत्येकावर तीन-चार बोंडं. मी बुडाशी विळा लावला आणि कापत सुटले. काट्यांनी मनगटं सोलून निघाली, साडी रसानं चिकट झाली. कोंडिबा खालच्या वाफ्यात गुलाबांना नळीनं पाणी घालत होता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बंगल्याकडे बघितलं आणि पाणी घालत राहिला.

तिसरी ओळ संपत आली तेव्हा बाई आल्या. अंगात लांब गाऊन, पायात सपाता, एक हात पोटावर.

"थांब."

मी थांबले नाही.

"हेमलता, थांब. आदरजीची झाडं आहेत ती." त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "वेड लागलं तुला?"

"पाला बंद म्हटलं होतं. तुम्ही ऐकलं नाही."

"म्हणून झाडं मारते? ही बाग कोणाची? हा दवाखाना कोणाच्या छपराखाली आहे?"

खालून कोंडिबानं हाक दिली. "बाई, पानी बंद झालं."

"मग नळ मोठा कर," बाई माझ्यावरची नजर न काढता ओरडल्या.

कोंडिबा नळाकडे गेला, चावी फिरवली, परत आला. "न्हाई येत."

"पूर्ण सोड. सगळं मलाच सांगायला पाहिजे का?"

त्यानं चावी पूर्ण सोडली. मी वाकलेलीच होते, म्हणून मला ते आधी दिसलं. रबरी नळी बाईंच्या मागून येत होती आणि तिच्यावर बाई दोन्ही सपाता रोवून उभ्या होत्या. त्यांच्या टाचेमागे, जिथे कोंडिबानं दोन तुकडे सुतळीनं जोडले होते, तिथे नळी दुधी भोपळ्यासारखी फुगली होती. मी तोंड उघडेपर्यंत जोड सुटला. पाण्याचा फवारा वर उडाला, बाईंच्या पाठीवर आला, डोक्यावरून माझ्या तोंडावर आला. कोंडिबा नळाकडे पळाला, त्यात घसरून बसला, तसाच सरकत गेला आणि त्यानं चावी बंद केली.

बाईंच्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

"बाई," मी म्हटलं, "पायाखाली बघा."

त्यांनी बघितलं. एक पाय उचलला, मग दुसरा.

"तुमच्या आत हेच झालंय. यकृतातून पित्त येणारी नळी आहे, तिच्यात खडा अडकलाय. पाला पित्त वाढवतो. इतरांची वाट मोकळी आहे, म्हणून त्यांना बरं वाटतं. तुमची वाट बंद आहे आणि तुम्ही रोज तीन वेळा नळ मोठा करताय."

बाई सुटलेल्या जोडाकडे बघत राहिल्या. त्यांनी सुतळीचं टोक सपातेनं थोडं हलवलं.

"आदरजीने मला हे एका वाक्यात सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "तू तीन ओळी कापल्या."

"तुम्ही मला एक वाक्य बोलू दिलं नाहीत."

बाईंच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसू त्यांनी येऊ दिलं नाही. "कोंडिबा, गाडीवाल्याला बोलाव. पुण्याला जायचं आहे." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू. एका महिन्यात आउटहाउस खाली कर. माझ्या झाडांवर विळा चालवणारा भाडेकरू मला नको."

"बरं," मी म्हटलं. गाडी येईपर्यंत मी त्यांची बॅग भरली.

पुण्याच्या सर्जननी फोटो पाहिले आणि तिसऱ्या दिवशी ऑपरेशन केलं. पित्ताशयात दोन खडे निघाले आणि तिसरा नळीत घट्ट बसलेला. आणखी आठवडा काढला असता तर आत पू झाला असता, असं त्यांनी मला बाहेरच्या बाकावर सांगितलं. मग खाटेपाशी जाऊन बाईंना विचारलं, "तुम्हाला वेळेवर इकडे पाठवलं कुणी? तुमचे फॅमिली डॉक्टर?"

"नाही," बाई डोळे मिटून म्हणाल्या. "माझी भाडेकरू."

मी पाचगणीला परत आले. लोकांनी विचारलं, बाई कुठे, तेव्हा जे होतं ते सांगितलं. पाला खाऊन खडा वितळत नाही, खडा असेल तर पाला घेऊच नये, म्हणून बाईंना पुण्याला पाठवलं. बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. बाकडं दोन दिवसांत रिकामं पडलं. आठवडाभरानं शेलार तेवढा आला. आपणही पुण्याला जायचं का, असं विचारत होता. त्याला तपासलं, नको म्हटलं, तर तो थोडा नाराज झाल्यासारखा दिसला. पुढचे दिवस मी बाटल्यांना कागद गुंडाळून खोक्यांत भरत काढले. वाईत एका ओळखीच्यांनी जागा दाखवली होती, ती बरी होती.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बाई घरी आल्या. गाऊन अंगावर मोठा झाला होता, पण पाठ ताठच होती. सरळ दवाखान्यात आल्या. खोकी बघितली.

"हे काय करते?"

"महिना परवा संपतोय."

"बरोबर." त्यांनी छताकडे बघितलं. "खाली तर करायलाच पाहिजे. हे छप्पर पावसाळ्यात पडेल कोणाच्या डोक्यावर. उद्या सगळं सामान पुढच्या दिवाणखान्यात ने. कोंडिबाला सांगितलं आहे. आदरजीचं टेबल तिथे आहे, त्याच्यावर बसून तपास. पण ते हलवायचं नाही, त्याचा एक पाय तुटका आहे."

माझ्या हातात आसवाची बाटली होती. ती कागदासकट मी तशीच धरून उभी राहिले.

"रडते कशाला?" बाई म्हणाल्या. "टाके मला पडले."

दिवाणखाना मोठा होता. दारापाशी बाईंनी स्वतःची वेताची खुर्ची मांडली आणि शेजारच्या तिवईवर एक काचेची बाटली ठेवली. बाटलीत ते तीन खडे होते. पहिल्यांदा लोक आले ते खडे बघायला. बाई बाटली हलवून दाखवायच्या आणि नळीची गोष्ट सांगायच्या. ती सांगता सांगता बघणाऱ्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून त्याही बघायच्या. मी हे थांबवायचा प्रयत्न केला, पण त्या म्हणाल्या, "तू आत बस. दार माझं आहे."

एप्रिलच्या गर्दीत एक हॉटेलमालक आला. जाडजूड, बोटांत चार अंगठ्या. बाकड्यावर दहा माणसं होती. बाईंनी त्याला समोर उभं केलं आणि माझ्यापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "शी कुठल्या रंगाची होते?"

तो लालबुंद झाला. बाकड्यावरचे सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

"बाई, आत डॉक्टरांना सांगतो की."

"इथे लाजणाऱ्याला पाला मिळत नाही."

तो वाकून त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजला. बाईंनी मान डोलवली आणि आत ओरडून सांगितलं, "पिवळी आहे. पाठवते."

त्यांनी ज्यांना आत पाठवलं नाही त्यांत एका शाळेतल्या शिक्षिका होत्या, मिसाळबाई. जेवणानंतर पोट फुगतं म्हणून पाला न्यायला आल्या होत्या. खोरशेदबाईंनी दारातच त्यांची चौकशी केली, उजवीकडे दुखून खांद्यात जातं हे काढून घेतलं आणि त्यांना परस्पर साताऱ्याला फोटो काढायला लावलं. मला कळलंही नाही. महिन्याभरानं मिसाळबाई पेढ्यांचा डबा घेऊन आल्या, ऑपरेशन होऊन, बऱ्या होऊन. खुर्चीपाशी वाकून त्यांनी डबा बाईंच्या हातात दिला, पाया पडल्या आणि तशाच गेल्या.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी बाहेर आले. बाई पेढा खात होत्या, कोंडिबा पायरीवर बसून दुसरा खात होता.

"मला एक द्या की," मी म्हटलं.

बाईंनी डबा मांडीवर ओढला.

"तुला कशाला? तू तर तिला बघितलं पण नाही."